वाचक लाइनवर शे

आमच्या वाचनालयाचे बिऱ्हाडे नाना फोनवरून पुस्तक ऐकवायचे. वाचून नव्हे. वाचून काय, कुणीही ऐकवील. नाना नवं पुस्तक रिसीव्हरच्या तोंडाशी धरायचे, अंगठा पानांच्या कडेवर ठेवायचे आणि पहिल्यापासून शेवटपर्यंत सगळी पानं फर्रकन सोडून द्यायचे. मग रिसीव्हर कानाला लावून विचारायचे, "आयकं का? कोरं शे. अजून कुणाचा हात लागला नाही. धाडू?"

पलीकडचा माणूस बिचारा चाचरत विचारायचा, "नाना, पण गोष्ट कशाची आहे?"

"गोष्ट वाचल्यावर कळेलच की! आधी पुस्तक ऐका ना."

हे मी कानांनी ऐकलेलं आहे. मी तेव्हा शिंदखेड्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. गावात शंभराच्या आतबाहेर फोन, आणि प्रत्येक फोन माझ्या बोर्डावरून जायचा. कुणी रिसीव्हर उचलला की माझ्यासमोर बोर्डावरची त्याच्या नंबरची छोटी झडप पडायची, मी पिन खुपसून "नंबर?" विचारायचे आणि पाहिजे तिथे जोडून द्यायचे. जोडून दिल्यावर ऑपरेटरने ऐकायचं नसतं, असा नियम होता. तो मी कधी मोडला नाही. फक्त लाइन नीट लागली की नाही हे बघायला थोडं थांबायचे, आणि नानांच्या बाबतीत ते थांबणं जरा लांबायचं, एवढंच.

परवा जळगावला एका लग्नात एका पाहुण्याच्या खिशात फोन वाजला. पंगतीतली माणसं जेवण सोडून बघायला गेली. तो गृहस्थ खुर्चीवर रेलून, एक पाय हलवत, तोंडात जिलबी ठेवून बोलला. मला नाना आठवले आणि त्या माणसाचा उगीच राग आला. नाना फोनवर बसून कधी बोलले नाहीत. घंटी वाजली की आधी उभे राहायचे, शर्टाची गळ्याजवळची गुंडी लावायचे, टेबलावरचा चहाचा कप झाकायचे आणि मगच रिसीव्हर उचलायचे. तोवर घंटी सात-आठदा वाजून गेलेली असायची आणि पलीकडचा वाचक माझ्यावर खेकसत असायचा. मी एकदा म्हटलं, "नाना, तिकडून काय तुमची गुंडी दिसते का?"

"ताई, वाचक दाराशी उभा राहिला तर मी असाच उघड्या गळ्यानं जाईन का? मग? फोन म्हणजे दारच ना ते."



वाचनालय म्हणजे बाजारपेठेतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत वर्तमानपत्रं आणि ती वाचणारी म्हातारी माणसं, मागच्या खोलीत कपाटं. आमच्या एक्स्चेंजपासून हाकेच्या अंतरावर. नाना तिथे शिपाई म्हणून लागले आणि वीस वर्षांत ग्रंथपाल झाले. मधली वर्षं त्यांनी झाडू मारता मारता सगळी कपाटं वाचून काढली होती. त्यांच्या वस्तीतला लायब्ररीच्या खुर्चीत बसणारा पहिला माणूस ते. पण खुर्चीत त्यांना बसलेलं मी क्वचितच पाहिलं, ते वेगळं.

मग कार्यकारिणीतल्या कुणाच्या तरी खटपटीने वाचनालयात फोन आला. बाकीच्यांना वाटलं, चला, मान वाढला. नानांना वाटलं, आता तालुक्यातला एकही वाचक सुटता कामा नये. त्यांनी एक लांबट वही घातली आणि तिच्यात प्रत्येक सभासदापुढे त्याचा पी.पी. नंबर लिहून काढला. ज्याच्या घरी फोन नाही त्याला शेजारच्या ज्या फोनवर बोलावता येतं, तो त्याचा पी.पी. नंबर. आमच्या खेड्यापाड्यांत फोन म्हणजे एक गावच्या विकास सोसायटीच्या ऑफिसात, फार तर एक डॉक्टरकडे. त्यामुळे एकाच फोनपुढे नानांच्या वहीत वीस-वीस वाचक लिहिलेले असायचे.

कामाची पद्धत अशी. सकाळी नाना फोन करणार, "सोसायटी का? वाचनालयातून बोलतोय. वाल्मीकअण्णांना सांगा, त्यांनी मागितलेलं पुस्तक दहाच्या गाडीने निघालंय." मग पुस्तक जुन्या धोतराच्या फडक्यात बांधून एस.टी.च्या कंडक्टरच्या हवाली. पंधरा दिवसांनी त्याच फडक्यात, त्याच गाडीने परत. यातला एक कंडक्टर स्वतःच वाचनाच्या नादी लागला. पुस्तक पोचतं करताना तो वाचकाला "शेवट काही पटला नाही बुवा" असं सांगून मोकळा व्हायचा. नानांकडे तक्रारी आल्या. नानांनी त्याला बोलावून घेतलं, चांगला खडसावला, आणि जाता जाता सभासद करून टाकला.

पंधरा दिवस म्हणजे नानांच्या लेखी पंधरा दिवस. सोळावा दिवस त्यांच्या पंचांगातच नव्हता. चौदाव्या दिवशी सोसायटीत फोन जायचा, आणि सोसायटीत निरोप देणं म्हणजे गावात दवंडी देणं. एका गावचे माजी सरपंच, झुपकेदार मिशांचा करडा माणूस, एक प्रेमकथा घेऊन बसले होते. नानांनी तिचं नाव, लेखकाचं नाव, पानांची संख्या, सगळं सोसायटीत सांगून ठेवलं. संध्याकाळी पारावरच्या पोरांनी त्यांना विचारलं, "आबा, लगीन लागनं का त्यासनं?" दुसऱ्या दिवशी सरपंच स्वतः वाचनालयात आले आणि पुस्तक टेबलावर आपटून म्हणाले, "बिऱ्हाडे, तुम्ही माणसाची अब्रू ठेवत नाही."

"अब्रू राहील आबा, पुस्तक तेवढं वेळेवर येऊ द्या," असं म्हणून नानांनी त्यांना त्याच कथेचा दुसरा भाग काढून दिला. आबांनी इकडेतिकडे बघून तो पिशवीत टाकला.

फोन चालू असताना पुढच्या खोलीतली म्हातारी माणसं राजकारणावर तावातावाने बोलायला लागली की नाना रिसीव्हरवर हात ठेवून ओरडायचे, "वाचक लाइनवर शे! बठ्ठा चूप बसा!" हे वाक्य इतकं ठरलेलं की पुढे पुढे गावात कुठेही, अगदी भाजीबाजारातसुद्धा, भांडण जुंपलं की कुणीतरी म्हणायचं, "वाचक लाइनवर शे!" आणि लोक हसून गप्प व्हायचे. खुद्द नानांना मात्र त्यात हसण्यासारखं काय आहे ते कधी कळलं नाही. वाचक लाइनवर असताना पृथ्वीने थांबावं, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

एकदा एका शेतकऱ्याचा फोन आला. मिरचीची पानं आकसायला लागली होती. नानांनी शेतीचं पुस्तक काढलं आणि उपाय वाचायला सुरुवात केली. पलीकडचा माणूस प्रत्येक वाक्य मोठ्याने परत म्हणत होता, कारण सोसायटीत पंधरा जण उभे राहून ऐकत होते. प्रकरण संपलं तेव्हा मागून कुणीतरी ओरडलं, "नानाले सांगा, कांदासनं बी वाचा!" नानांनी कांद्याचं वाचलं. मग भुईमुगाचं वाचलं. तोवर माझ्या बोर्डावर वाचनालयासाठी चार झडपा पडून होत्या, त्यांतली एक कार्यकारिणीच्या अध्यक्षांची. मी मधे तोंड घालून म्हटलं, "नाना, अध्यक्ष थांबलेत."

"त्यांची मिरची सुकतेय का, ताई?"

आणि चिमठाण्याच्या गुरुजींचं प्रकरण तर आमच्या खात्यात अजून सांगतात. गुरुजींना खुनाची कादंबरी वाचायला दिलेली, आणि शेवटची सोळा पानं उंदरांनी नेलेली. गुरुजींना झोप लागेना. त्यांनी फोन करून नानांना सांगितलं, "नाना, कारकून की डॉक्टर, एवढंच सांगा." नानांनी ते पुस्तक वाचलेलं होतं. ते एका शब्दात सांगू शकत होते. पण नाना म्हणाले, "असं उघडं सांगणं म्हणजे पाप शे गुरुजी. तुम्ही थांबा." आणि त्यांनी धुळ्याच्या एका वाचनालयाला ट्रंक कॉल, म्हणजे बुक करून जोडायचा परगावचा फोन, लावला. तिथल्या ग्रंथपालांना तीच कादंबरी काढायला लावली, आणि मला म्हणाले, "ताई, तिकडचं पुस्तक नि इकडचा वाचक, मधे फक्त तुमची वायर. जोडा."

मी जोडलं. तिकडे धुळ्याचे ग्रंथपाल वाचताहेत, इकडे गुरुजी ऐकताहेत, मधे नाना उभे, गुंडी लावून. ट्रंक कॉल तीन मिनिटांचा. तीन मिनिटं झाली की धुळ्याच्या ऑपरेटरने किंवा मी मधे बोलायचं, अशी शिस्त. ग्रंथपाल ऐन दाराची कडी वाजण्यापर्यंत आले आणि पाणी प्यायला थांबले. एकदम शांतता. आणि त्या शांततेत धुळ्याची ऑपरेटर म्हणाली, "अहो, वाचा ना पुढं!"

किती मिनिटं झाली होती ते आम्हां दोघींपैकी एकीलाही सांगता येणार नाही. डॉक्टर निघाला.

आता भुसावळचं सांगते.

दर गुरुवारी वाचनालयाला सुट्टी असायची, पण नाना दुपारी जाऊन पुस्तकं शिवत बसायचे. साडेचारच्या सुमारास झडप पडायची. "ताई, भुसावळ बुक करा." भुसावळच्या एका किराणा दुकानाचा नंबर. ट्रंक लागायला कधी अर्धा तास लागायचा, कधी एक. लाइन मिळाली की मी वाचनालयाला वाजवायचे. "नाना, भुसावळ लागतंय."

"लाइन खराब शे का?"

"नाही, स्वच्छ आहे."

"नाही ताई, खराबच असेल. राहू द्या. कॅन्सल करा."

दर गुरुवारी हेच. पावसाळ्यात, ऊन मी म्हणत असताना, दिवाळीच्या आदल्या दिवशीसुद्धा. मी वैतागायचे. ट्रंक मिळवायला काय यातायात पडते ते माझं मला माहीत. एकदा चिडून म्हटलंही, "नाना, कोणता वाचक आहे हा, ज्याच्याशी तुम्हाला बोलायचंच नाही?" त्यांनी रिसीव्हर ठेवून दिला. मी आपली समजत होते, एखादा पुस्तकचोर असेल आणि नानांना भीड पडत असेल.

एका सुट्टीच्या दिवशी मी त्यांना कार्डं लावायला मदत करत होते. वाचकाने पुस्तक नेलं की त्याचं कार्ड एका लाकडी पेटीत तारखेप्रमाणे उभं राहायचं. पेटीच्या अगदी मागे, कोऱ्या पुठ्ठ्याआड, एक कार्ड सापडलं. सभासद क्रमांक बारा. कु. विमल दौलत बिऱ्हाडे. एक पुस्तक नेलेलं, आणि परतीच्या तारखेला अकरा वर्षं उलटून गेलेली.

मला तर आयतं हत्यार मिळालं. "वा नाना! सरपंचांची अब्रू वेशीवर टांगता आणि घरच्या कार्डावर अकरा वर्षं? लावू का फोन सोसायटीत?"

नाना हसले नाहीत. त्यांनी कार्ड माझ्या हातातून घेतलं, सदऱ्याला पुसलं आणि होतं तिथे ठेवलं. मग सुईत दोरा ओवता ओवता, माझ्याकडे न बघता, बोलले.

विमल त्यांची एकुलती मुलगी. शाळा सुटली की वाचनालयात यायची आणि मागच्या खोलीत कपाटांच्या मधे बसायची. मॅट्रिकची परीक्षा दोन महिन्यांवर आली असताना स्थळ चालून आलं. मुलगा भुसावळला रेल्वेत, घर त्या किराणा दुकानाच्या मागच्या गल्लीत. तेव्हा नाना शिपाई होते. रेल्वेतला जावई म्हणजे त्यांच्या भावकीत मोठी गोष्ट. विमल म्हणाली, "नाना, दोन महिना थांबा. फक्त दोन महिना." नाना म्हणाले, रेल्वेचं स्थळ दोन महिने थांबत नाही. लग्न झालं. जाताना ती कपड्यांच्या ट्रंकेत अर्धं वाचलेलं एक पुस्तक टाकून घेऊन गेली, आणि दाराशी आपल्या सभासद-कार्डाबद्दल एवढंच म्हणाली, "मनं कार्ड फाडू नका." त्यानंतर बापाशी बोलली नाही. आई जाऊन-येऊन असायची, नातवंडांच्या खबरी आणायची. सणाला विमल आलीच तर आईशी बोलायची, नानांना वाढायची, पाया पडायची. शब्द नाही.

"जावई चांगला शे," नाना म्हणाले. "तिचं काही वाईट नाही झालं ताई. पण तालुकाभर मी लोकांच्या दारात पुस्तक पोचवतो ना, तेव्हा दर वेळेला वाटतं, दोन महिने होते फक्त. दोन महिने मी नाही थांबलो."

मला माझ्या जिभेची लाज वाटली. इतकी की मी त्या दिवशी चहा न घेताच निघाले.

पुढे दोनेक वर्षांनी आमच्या एक्स्चेंजमध्ये यंत्रं येऊन पडली. आता ज्याने त्याने आपापला नंबर फिरवायचा, मधे ऑपरेटर नको. गावात आनंद झाला. नाना मात्र माझ्याकडे येऊन त्या बंद खोक्यांकडे बघत उभे राहिले.

"ताई, या मशीनला कॅन्सल सांगता येतं का?"

"नाही नाना. फिरवला की लागला."

"मग कठीण शे," ते म्हणाले.

मला कळलं की हा माणूस आता भुसावळचा नंबर कधीच फिरवणार नाही. आठवड्यातून एकदा तो तिच्या दारापर्यंत जाऊन परत यायचा, तेवढंही संपणार. आणि ते मला सहन होईना.

माझ्या बोर्डावरचा शेवटचा गुरुवार. साडेचारला झडप पडली. "ताई, भुसावळ बुक करा." मी बुक केलं. लाइन मिळाली तेव्हा वाचनालयाला वाजवलं नाही. आधी किराणा दुकानदाराला सांगितलं, "मागच्या गल्लीतल्या विमलताईंना बोलवा, शिंदखेड्याहून फोन आहे, मी थांबते." नोकरीतला एकुलता एक गुन्हा. चप्पल घासत कुणीतरी धावत येताना ऐकू आलं. मग धापा टाकत एक बाईचा आवाज, "हॅलो?"

"थांबा हं," मी म्हटलं आणि वाचनालयाला वाजवलं. एक, दोन, सात, आठ. उचलला.

"लाइन खराब शे ना, ताई?"

मी उत्तर दिलं नाही. म्हटलं, "नाना, वाचक लाइनवर शे."

आणि पिन खुपसली.

कॅन्सल करा, असं ते म्हणू शकत होते. म्हणाले नाहीत. लाइनवर उभ्या असलेल्या वाचकाला त्यांनी आयुष्यात कधी परत पाठवलं नव्हतं.

"हॅलो? कोन बोली ऱ्हायनं?" विमल विचारत होती. "काय व्हयनं? आई बरी शे ना?"

नानांचा नुसता श्वास ऐकू येत होता. मला वाटलं, चुकलं माझं. घाबरली असेल ती तिकडे. आता मीच काहीतरी सांगावं म्हणून तोंड उघडलं, तेवढ्यात तो आवाज आला. पानांचा. पहिल्यापासून शेवटपर्यंत, फर्रकन.



"नाना," ती म्हणाली. "कोरं शे ना?"

तेव्हा मला उमगलं की ही फरफर फोनसाठी निघालेली नव्हतीच. मागच्या खोलीत कपाटांमधे बसलेल्या एका मुलीच्या कानाशी, नव्या पार्सलमधलं प्रत्येक पुस्तक असंच वाजवलं गेलं होतं. तालुक्यातल्या सगळ्या वाचकांना नाना इतकी वर्षं तिच्या वाटणीचं ऐकवत होते. माझे डोळे भरून आले आणि समोरच्या झडपा दिसेनाशा झाल्या.

"कोरं शे," नाना म्हणाले. "आजच पार्सल फोडं. कोनाच हात नही लागना."

"मनं कार्ड शे का अजून?"

"शे. बारा नंबर."

"मंग धाडा," विमल म्हणाली. ती रडत होती, पण हसल्यासारखीही वाटत होती. "पहिलं बी परत करसू. पाच-सहा येळा वाचं ते. गाडीवर दी धाडसू कंडक्टरजोडे."

"नही," नाना एकदम म्हणाले. "कंडक्टरजोडे नको धाडू. तूच पुस्तक लई ये."

"पंधरा दिवसमा?"

नाना थांबले. सोळावा दिवस ठाऊक नसलेला तो माणूस.

"तुले जमी तव्हय ये, बेटा," ते म्हणाले.

तीन मिनिटं केव्हाच उलटून गेली होती. मी घड्याळाकडे पाठ करून बसले.